सातारा-कराड-सांगलीच्या जमिनीसाठी टेक्श्चर कुठलं टाकू? फोटोवालं की लँडक्लासवालं?

कराडकर_१७२

नमस्कार मंडळी. एक्स-प्लेन ११ ह्या विमान उडवायच्या सिम्युलेटरवर दोन वर्षं झाली उडवतोय, सेसना १७२ हे छोटं विमान सोडून दुसऱ्या कशाला फारसा हात लावलेला नाही. माझा रूट ठरलेला आहे, कराडच्या धावपट्टीवरून उठायचं, प्रीतिसंगमावर एक घिरटी, मग हायवे धरून उंब्रज करत सातारा, तिथून यवतेश्वर, कास, बामणोली आणि शिवसागराच्या पाण्यावरून दक्षिणेला कोयनानगर, मग पाटणवरून परत घरी. तास-सव्वा तासाचं काम, रात्री जेवण झालं की एक फेरी.

प्रॉब्लेम असा की खाली जे दिसतं, म्हणजे जमिनीवर पांघरलेलं चित्र, टेक्श्चर, ते आपलं वाटतच नाही. नद्या जागेवर आहेत, डोंगर साधारण जागेवर आहेत, पण कराडात उतरत्या छपराची परदेशी घरं आणि उसाच्या जागी कुठल्यातरी देशाची मोठी मोठी चौकोनी शेतं. आपल्याकडं दहा गुंठ्याचे तुकडे, मधी बांध, बांधावर एक बाभूळ, हे त्यात कुठंच नाही. मित्र म्हणाला एफटीएक्स ग्लोबल घे, जगातली सगळी जमीन बदलते. दुसरा म्हणतो सॅटेलाइट फोटो टाक. तिसरा म्हणतो हे सगळं सोड आणि मायक्रोसॉफ्टवाला सिम्युलेटर घे.

मशीन: आय-५, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी. एसएसडी ५०० ची आहे पण त्यात ७०-८० जीबीच रिकामी. जुनी २ टीबीची हार्ड डिस्क पडून आहे. ह्याच्यात बसेल असं सांगा, पैसे घालायची तयारी आहे पण उगाच पाण्यात जायला नको.

यवतेश्वर_वळण

भावा पहिलं म्हणजे थांब, ते एफटीएक्स ग्लोबल घेऊ नको. वाईट आहे म्हणून नाही, ते एफएसएक्स आणि प्रीपेअर्ड ह्या दुसऱ्या सिम्युलेटरांसाठी आहे, एक्स-प्लेनला चालतच नाही. फायलींची जातच वेगळी, तिकडं बीजीएल इकडं डीएसएफ.

आणि चाललं असतं तरी तुझं दुखणं गेलं नसतं. लँडक्लास म्हणजे काय, तर जगाच्या नकाशावर इथं शेत, इथं जंगल, इथं वस्ती असे शिक्के मारलेले असतात आणि प्रत्येक शिक्क्याला एक चित्र लावलेलं असतं, तेच चित्र पुन्हा पुन्हा फरशीसारखं बसवत जायचं. टेक्श्चर पॅक घेतला की चित्र बदलतं, शिक्का तिथंच. म्हणजे उंब्रजजवळचं शेत आधी फिकं दिसत होतं ते आता छान गडद दिसेल, पण ते उंब्रजचं शेत होणार नाही. वीस हजार फुटांवरून जाणाऱ्या जेटवाल्याला हे मस्त चालतं, रंग एकसारखे, कुठं जोड दिसत नाही, रात्री दिवे लागतात. तू हायवे बघून उडणारा माणूस, तुला फोटोच पाहिजे.

एक्स-प्लेनसाठी ऑर्थोफोरएक्सपी नावाचं फुकटचं टूल आहे. ते सॅटेलाइटचे आणि विमानातून काढलेले फोटो नेटवरून ओढतं, डोंगराच्या उंचीच्या आकड्यांवर पांघरतं आणि एक अंश बाय एक अंशाचे तुकडे बनवतं, त्यांना टाइल म्हणतात. आता आपल्या भागाचं गणित बघ. सांगली, मिरज, कोल्हापूर सगळं १६/७४ मधे, म्हणजे अक्षांश १६, रेखांश ७४. कराड १७/७४ मधे. कास, महाबळेश्वर, बामणोली, कोयना हे १७/७३ मधे. तीन टाइलमधे तुझं सगळं जग आलं.

साइज झूम लेव्हलवर असते. झेडएल १६ म्हणजे आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल साधारण २.३ मीटर, झेडएल १७ ला १.१५ च्या आसपास, १८ ला त्याच्याही निम्मं. सात मीटरचा डांबरी रस्ता १६ ला तीन पिक्सेलचा, म्हणजे दोराच. १७ ला सहा, तिथं तो रस्ता वाटायला लागतो. पण एक पायरी चढलास की जागा चौपट. १६ ची टाइल दीड जीबी धर, १७ ची सहा, १८ ची चोवीस. शिवाय ओढलेले मूळ फोटो वेगळे पडून राहतात, टाइल नीट झाली की ते उडवले तरी चालतात. माझा सल्ला, सगळं १७ ला कर आणि फक्त धावपट्टीच्या आजूबाजूला १८ दे, टूलमधे तशी सोय आहे. तीन टाइल १७ ने वीसेक जीबी. हार्ड डिस्कवर ठेवलंस तरी चालतं, कस्टम सिनरीच्या फोल्डरात त्याचा शॉर्टकट टाकला की एक्स-प्लेन उचलतं, सुरुवातीला लोड व्हायला तेवढा वेळ जास्त.

आता माझा गाढवपणा सांगतो म्हणजे तू करणार नाहीस. ७४ रेखांश बरोबर सातारा शहरातून जातो. मी पश्चिमेची टाइल मायक्रोसॉफ्टच्या बिंग मॅपच्या फोटोंनी केली आणि पूर्वेची, का कोण जाणे, दुसऱ्या सोर्सने. साताऱ्यावर आलो तर अजिंक्यताऱ्याच्या अंगानं उत्तर-दक्षिण सरळ रेघ, एका बाजूला हिरवट सातारा, दुसऱ्या बाजूला विटकरी सातारा. भावाभावांत वाटणी झाल्यासारखं गाव. दोन दिवस मला वाटलं ग्राफिक कार्ड गेलं. दोन्ही टाइल एकाच सोर्सने कर, बस.

भडंग_एक्सप्रेस

लई कष्ट राव तुमचे 😀 टाइल काय, पायथन काय. मी सांगलीत बसून २०२० वाला मायक्रोसॉफ्ट चालू करतो आणि हरिपूरच्या संगमावर जातो, कृष्णा वारणा दोन्ही जागेवर, काही बनवायला लागलं नाही. ऑगस्ट २०२० ला आला तो, बिंग मॅपचा दोन पेटाबाइटच्या वर डेटा सर्व्हरवर आहे आणि आपण जाऊ तसा उतरत जातो. घरं कशी उभी राहतात तर ऑस्ट्रियाच्या ब्लॅकशार्क नावाच्या कंपनीचं एआय फोटो बघून ठरवतं की इथं छप्पर आहे, एवढं मोठं आहे, मग तिथं घर. झाडंही तशीच. त्यामुळं उसात ऊस नसला तरी बांधावरचं झाड बांधावर असतं, ह्याला तोड नाही.

आता खरं पण सांगतो. परदेशातल्या मोठ्या शहरांत जी फोटोग्रामेट्री आहे, म्हणजे खरी बिल्डिंग थ्रीडी, ती सांगली-साताऱ्याला नाही. आपलं गणपती मंदिर शोधायला गेलो तर त्या जागी एक इमारत, कळस वगैरे विसरा. आणि नेट गेलं की संपलं. जुलैत एकदा माझं नेट तासगावच्या वर असताना गेलं, बघता बघता खालच्या द्राक्षबागा विरघळल्या आणि तिथं नुसता हिरवट लगदा आला, ऑफलाइनला जे साधं टेक्श्चर असतं ते. रोलिंग कॅशे, म्हणजे उतरलेला डेटा डिस्कवर साठवायची जागा, मोठा ठेवला तर गेलेल्या रूटवर परत जाताना जरा धकतं. तुझ्या कार्डावर मीडियम सेटिंगला चालेल, पण १५० जीबी जागा लागते, तेवढी एसएसडी कुठाय तुझ्याकडं? २०२४ वाला डिस्कवर कमी जागा घेतो पण तो अजून जास्त नेटवरून ओढतो.

मिरज_जंक्शन

इथं अजून एफएसएक्स वाले आहेत का कुणी, का मी एकटाच? २००६ चा गेम, माझ्या लॅपटॉपवर दुसरं काही चालत नाही म्हणून. फोटो सिनरी टाकून बघितली होती. दिवसा वरून झकास, खाली आलं की सगळं सारवलेल्या अंगणासारखं सपाट, कारण फोटो टाकला की त्या जागेची झाडं-घरं आपोआप येत नाहीत, वेगळी बसवायला लागतात. आणि रात्रीचं वेगळं टेक्श्चर नसेल तर मिरज-सांगली दोन्ही गावं काळोखात. परत लँडक्लासवर आलो, खोटे का असेनात दिवे तरी लागतात.

यवतेश्वर_वळण

@मिरज_जंक्शन एक्स-प्लेनमधे ते दुखणं कमी आहे. ऑर्थोची टाइल करताना सोबत ओव्हरले काढायचे, म्हणजे मूळ सिनरीतले रस्ते, झाडं, घरं, रस्त्यावरचे दिवे आणि गाड्या तेवढे सोलून फोटोवर ठेवायचे. त्यावर सिमहेवनचं एक्स-वर्ल्ड एशिया टाकलं की ओपनस्ट्रीटमॅप ह्या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावरून घरं येतात, तेही फुकट. मात्र ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या खेड्यातली घरं कुणी काढलेली असतील तरच. साताऱ्यात बरीच आहेत, आतल्या वाड्यावस्त्यांवर शुकशुकाट.

कराडकर_१७२

डोकं जरा जड झालं पण कळतंय. मी जास्तीत जास्त जमिनीपासून दीड हजार फुटांवर उडतो, कासवर तर त्याच्याही खाली. तेवढ्या खालून फोटो फाटका दिसतो का? आणि ऑटोऑर्थो म्हणून पण एक ऐकलंय, ते काय? टाइल न बनवताच फोटो येतात म्हणे.

यवतेश्वर_वळण

हो, ऑटोऑर्थो उडता उडता फोटो ओढतं, एक्स-प्लेनला वाटतं फायली डिस्कवरच आहेत. लांब लांब फिरणाऱ्याला उत्तम. तुझा रूट एकच, तू टाइल करूनच ठेव, नेटची कटकट नको. दीड हजार फुटांवर १७ चालतं. पाचशेला आलास की चिखल दिसणार, ते धरूनच चाल.

नकाशेवाले_काका

मुलांनो, चर्चा वाचली. माझी नोकरी नकाशांत गेली, टोपोशीटवर समोच्च रेषा बोटानं चाचपत तीस वर्षं काढली, आता निवृत्तीनंतर नातवाच्या जॉयस्टिकवर हात साफ करतो. टेक्श्चरचं तुम्ही सांगितलंत ते बरोबरच आहे, पण आपल्या सह्याद्रीला लागू होणाऱ्या दोन-तीन गोष्टी राहिल्या.

एक म्हणजे ऋतू. जून ते सप्टेंबर आपल्या घाटमाथ्यावर ढग बसलेला असतो, सॅटेलाइटला जमीनच दिसत नाही. म्हणून जो स्वच्छ फोटो मिळतो तो हिवाळ्या-उन्हाळ्यातला. कासवर तुम्ही सिम्युलेटरचं कॅलेंडर सप्टेंबरला लावा नाहीतर मे ला, खाली तपकिरी कातळच. फुलांचा गालिचा फोटोत कधी येणार नाही. लँडक्लासवाल्यांची तिथं सोय असते, त्यांना ऋतूप्रमाणे चित्र बदलता येतं. एक्स-प्लेन १२ मधे वर उभी केलेली झाडं ऋतूप्रमाणे बदलतात, खालचा फोटो मात्र तसाच.

दुसरं, सावली. हे बहुतेक सॅटेलाइट आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. म्हणजे ऊन आग्नेयेकडून, सावली वायव्येला, आणि ती सावली फोटोत कायमची छापली जाते. तुम्ही संध्याकाळी उडालात तर सिम्युलेटरचा सूर्य पश्चिमेला, डोंगराची खरी सावली पूर्वेला आणि फोटोतली पश्चिमेला, एका डोंगराला दोन सावल्या. चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन बघा, पवनचक्की वरून म्हणजे नुसता पांढरा ठिपका, पण तिची सावली लांबलचक, पात्यांसकट. चक्कीपेक्षा सावलीवरूनच मोजता येतात किती आहेत ते. म्हणून ह्या फोटोंवर उडायची वेळ सकाळी दहा-अकराची ठेवावी, सगळं जुळून येतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कडा. फोटो वरून काढलेला असतो. सपाट शेताला तो पुरतो. पण उभ्या कड्याचा वरून फोटो काढला तर त्यात कडा येतो किती, चार-दोन पिक्सेल. तेच चार पिक्सेल मग शंभर फूट खाली ओढले जातात आणि कड्यावर रंगाचे ओघळ दिसतात, ओल आलेल्या भिंतीसारखे. पाचगणीचं टेबललँड वरून बघा, डोळे निवतात. बाजूनं बघा, वाईट वाटतं. झूम लेव्हल कितीही वाढवा, ह्याला इलाज नाही, कारण माहितीच फोटोत नाही.

आणि त्याच्याखालचा डोंगर तरी खरा हवा ना. उंचीचे आकडे बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी २००० मधे एंडेव्हर यानानं अकरा दिवसांत रडारनं मोजले त्यातले असतात. आधी ते आपल्याला ९० मीटरला एक असे मिळायचे, नंतर ३० मीटरचे खुले झाले. अजिंक्यताऱ्याच्या कड्याचा उभा भाग आडवा मोजला तर दहा-पंधरा मीटरात संपतो. ९० काय, ३० मीटरच्या जाळीतही तो दोन मोजण्यांच्या मधे गडप. म्हणून आपले किल्ले सिम्युलेटरात उकडीच्या मोदकासारखे गोल होतात. त्यात खोल दऱ्यांत रडार पोचलं नाही तिथं भोकं होती, ती दुसऱ्या नकाशांवरून बुजवलेली आहेत, बुजवणाऱ्याचा हात जसा असेल तसा डोंगर. तेव्हा पैसे-वेळ घालायचा तर आधी ३० मीटरचे आकडे वापरा, आणि त्या टूलमधे कर्व्हेचर टॉलरन्स म्हणून आकडा आहे तो कमी करा, त्रिकोण वाढतात आणि कडा जरा तरी धरून राहतो. मग रंगाचं बघा.

कोयनेचं धरण १०३ मीटर उंचीचं आहे, पण ह्या जाळीत भिंत म्हणून उभं राहत नाही, घसरगुंडी होते. आणि शिवसागराच्या काठाची तर गंमतच. उंचीचे आकडे फेब्रुवारीतल्या पाण्याचे, फोटो दुसऱ्याच कुठल्या वर्षातल्या दुसऱ्या महिन्याचा, आणि पाण्याची कड नकाशा काढणाऱ्यानं स्वतःच्या अंदाजानं काढलेली. एका जलाशयाला तीन काठ. बामणोलीला लाल मातीचा पट्टा पाण्यावर चढलेला दिसला तर दचकू नका.

भडंग_एक्सप्रेस

काका सलाम _/\_ मोदकाची उपमा काळजाला लागली. साडेदहाचं माहीतच नव्हतं, आम्ही आपले सनसेट लावून उडतोय आणि म्हणतोय लायटिंग गंडलंय.

पण कड्याचं मायक्रोसॉफ्टमधे पण तेच आहे बरं का, मी लिंगमळ्याच्या बाजूनं खाली उतरलो होतो, सगळं गोल गोल.

कराडकर_१७२

आठ दिवसांनी येतोय, रिपोर्ट देतो.

दोन टाइल केल्या, १७/७३ आणि १७/७४, दोन्ही बिंगवरून, झेडएल १७, कराडच्या पट्टीभोवती १८. काकांनी सांगितल्याप्रमाणे ३० मीटरचे आकडे आणि टॉलरन्स कमी. पहिली रात्रभर चालली आणि पहाटे चारला लाईट गेली. सुदैवानं ओढलेले फोटो डिस्कवर होते, परत चालू केल्यावर उरलेलेच ओढले.

मग चालू केलं तर फोटो झकास आणि रस्त्यावर एकही गाडी नाही, एक झाड नाही, घर नाही. मला वाटलं ओव्हरले निघालेच नाहीत, परत काढले, तरी तेच. तीन तास गेले. शेवटी सिनरीचा क्रम लिहिलेला असतो त्या सिनरी पॅक्सच्या आयएनआय फाइलमधे बघितलं तर ओव्हरलेची ओळ ऑर्थोच्या खाली. जे वर लिहिलेलं असतं ते वर दिसतं, एवढी साधी गोष्ट. विमानतळ सगळ्यात वर, त्याखाली ओव्हरले, त्याखाली ऑर्थो. ओळ वर नेली आणि हायवेवर ट्रक पळायला लागले. @यवतेश्वर_वळण हे आधी सांगायला काय झालं होतं रे 😡

आता उडालो तेव्हाचं सांगतो. सकाळी साडेदहाची वेळ लावली. उंब्रजच्या अलीकडं हायवे सोडून उजवीकडं गेलो, आमचं शेत तिकडं आहे. बाराशे फुटांवरून आधी विहीर दिसली, गोल काळा ठिपका. मग बांध. वडिलांना बोलावलं, ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले आणखी खाली घे. खाली घेतलं तर अर्थात सगळं पुसट झालं, पण त्यांनी बरोबर ओळखलं, म्हणाले हे आपलं पोल्ट्रीचं शेड. शेड पाडून दोन वर्षं झाली. फोटोत अजून उभं आहे, पत्रा चकाकतोय. हायवे पण जुनाच आहे, सहापदरीचं काम त्यात सुरूच झालेलं नाही, खड्डे नाहीत डायव्हर्जन नाही, वडील म्हणाले ह्या रस्त्यानं सातारला जात जाऊ.

साताऱ्यावर रेघ नाही आली. अजिंक्यतारा मोदकच आहे पण जरा कळीदार. कास तपकिरी. बामणोलीला लाल पट्टा दिसला, काठापासून पाण्यात आत गेलेला, तिथं पाण्याच्या लाटा मातीवर हलतात. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, पाच-सहाने उतरले, चालतंय. कार्डाची मेमरी मात्र काठोकाठ भरते, टेक्श्चर क्वालिटी एक पायरी खाली केली.

पैसे शून्य गेले. मायक्रोसॉफ्टवाला नंतर बघू, आधी मोठी एसएसडी.

नकाशेवाले_काका

छान केलंत. वडिलांना नमस्कार सांगा. त्या शेडची सावली कुठल्या बाजूला पडली आहे?

कराडकर_१७२

वायव्येलाच काका, तेच बघायला परत एक चक्कर मारून आलो. सावली बरीच लांब आहे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा फोटो असणार. शेजारच्या रानात तोड झालेली दिसतेय, पाचट पसरलंय, म्हणजे हंगामच.

आता १६/७४ लावलाय, सांगलीचा. लाईट राहिली तर सकाळपर्यंत होईल.

भडंग_एक्सप्रेस

झाला की हरिपूरला ये, मी मायक्रोसॉफ्टमधून येतो, स्क्रीनशॉट टाकू शेजारी शेजारी.